कपोताला काय मिळालं?

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



यंदाच्या दत्तजयंती अंकासाठी 'संकटातून सामर्थ्य' या विषयावर काहीतरी लिहा, असा निरोप आला. विषय असा आहे की आपल्यापैकी कुणालाही उठवलं तर तो त्यावर तासभर बोलेल. सोनं तापवल्याशिवाय झळकत नाही, टाकीचे घाव सोसल्याशिवाय दगडाला देवपण येत नाही, हे आपण शाळेच्या फळ्यावरच्या सुविचारांपासून ऐकत आलो आहोत. त्यात खोटं काही नाही. पण मी पडलो कॉमर्सचा माणूस. हयात बँकेत कारकुनी करण्यात गेली. जमेची बाजू कुणी दाखवली की डोळे आपोआप खर्चाच्या बाजूकडे जातात. पाथरवटाच्या मूर्तीला आपण हात जोडतो, तेव्हा त्याच्या मागे चुऱ्याचा एक ढीगही पडलेला असतो. घाव त्या दगडांनीही सोसलेले असतात. त्यांची नोंद कोणत्या वहीत करायची, असा प्रश्न मला बरीच वर्षं पडत आला आहे.

आपल्या संप्रदायातच याचं उत्तर शोधावं म्हणून मी पुन्हा एकदा चोवीस गुरूंकडे वळलो. भागवताच्या अकराव्या स्कंधात यदुराजा आणि अवधूत यांचा संवाद आहे. तो अवधूत म्हणजे आपले दत्तमहाराज, अशी परंपरेची श्रद्धा. याच स्कंधावर एकनाथ महाराजांनी टीका लिहिली. ती त्यांनी काशीत, शके १४९५ मध्ये पूर्ण केली, आणि नाथांचे गुरू जनार्दनस्वामी हे दत्तभक्त होते, हे आपण जाणताच. तर या चोवीस गुरूंची यादी मी जुन्या सवयीने पेन्सिल घेऊन तपासली. पृथ्वी, वायू, आकाश, पाणी, अग्नी, चंद्र, सूर्य हे स्थिर खातेदार, त्यांना काही होत नाही. तो कुरर पक्षी चोचीतलं मांस टाकून देतो आणि सुटतो. पिंगला मध्यरात्रीपर्यंत दारात गिऱ्हाइकाची वाट बघते, कुणी येत नाही, आणि त्या निराशेतूनच तिला शांत झोप लागते. म्हणजे अपयशातून बळ मिळाल्याचं उदाहरण हवं असेल तर पिंगला आहे. प्रवचनांमध्ये ती नेहमी येते.

पण कपोताचं बघा. त्याची पिल्लं पारध्याच्या जाळ्यात सापडली. ते बघून कपोती आत गेली. आणि दोघांच्या दुःखाने वेडा झालेला कपोत जाळं दिसत असूनही स्वतःच्या पायांनी आत शिरला. पारधी सगळ्यांना घेऊन घरी गेला. संपली गोष्ट. पतंग दिव्यात जळाला. मासा गळाला लागला. हरिण गाण्याला भुलून सापडलं, हत्ती हत्तिणीच्या मोहाने खड्ड्यात पडला. चोवीसपैकी पाच गुरू तरी शिकवता शिकवता कामी आले किंवा बंधनात पडले. त्यांना काही शिकायला मिळालं नाही. शिकले ते झाडाखाली उभं राहून बघणारे अवधूत.

आसक्ती वाईट, हे कपोताच्या गोष्टीचं तात्पर्य मला मान्य आहे, त्यावर माझा वाद नाही. मला त्यातलं दुसरं काही दिसतं. एका जिवावर घाव पडतो आणि त्यातून येणारं शहाणपण दुसऱ्याच्या खात्यात जमा होतं. हे दोन वेगवेगळे खातेदार आहेत. आपण बोलताना मात्र ते एकच समजतो.

आता दुसरी गोष्ट, गुरुचरित्राच्या अठराव्या अध्यायातली. कृष्णा-पंचगंगेच्या संगमाजवळ अमरापुरात एक गरीब ब्राह्मण होता. दारातल्या घेवड्याच्या वेलाच्या शेंगांवर घर चालायचं. श्रीगुरूंनी त्याच्याकडे भिक्षा घेतली आणि जाताना तो वेलच तोडून टाकला. बायकापोरं रडू लागली. ब्राह्मणाने मात्र समजुतीने घेतलं, वेलाचं मूळ काढायला खणू लागला, आणि खाली द्रव्याने भरलेला हंडा सापडला. आपल्या घराघरांत ही कथा पारायणात वाचली जाते. कुणाचं काही वाईट झालं की ही कथा तोंडावर येते, हेही आपण पाहिलं असेल.

आमच्या बाळकुमात एक गृहस्थ आहेत. कारखान्यात नोकरी केलेले. पूर्वी या पट्ट्यात कारखान्यांचे भोंगे होते, आता टॉवर आहेत, त्या कारखान्यांपैकी एकातले. निवृत्तीचे पैसे मिळाले तेव्हा बँकेपेक्षा दीड-दोन टक्के व्याज जास्त मिळतं म्हणून त्यांनी ते एका पतसंस्थेत ठेवले. संस्था बुडाली. संस्थेचं नाव घेण्यात आता अर्थ नाही. गृहस्थ गुरुवारी आरतीला यायचे, टाळ हातात घेऊन पहिल्या रांगेत. पैसे गेल्यानंतरच्या गुरुवारीही आले. आरतीनंतर एका जाणत्या माणसाने, अगदी मायेने, त्यांच्या पाठीवर हात ठेवून सांगितलं, "काका, महाराजांनी घेवड्याचा वेल तोडलाय. आता हंडा सापडणार बघा." गृहस्थ काही बोलले नाहीत. त्यानंतर ते मंदिरात दिसले नाहीत.

सांगणाऱ्याच्या मनात काही वाईट नव्हतं, हे मी शपथेवर सांगेन. पण वेल तोडणारे श्रीगुरू होते आणि खाली हंडा आहे हे त्यांना ठाऊक होतं. शिवाय आधी त्यांनी त्या घरची भिक्षा गोड मानून घेतली होती, त्या घराची जबाबदारी पत्करली होती. पतसंस्थेच्या संचालकांनी यातलं काय केलं होतं? आणि आपण, जे हंड्याचं आश्वासन देतो, आपल्यापैकी कुणी तो पुरून ठेवलेला असतो?

मग घाव सोसून माणूस घडतो हे खोटंच का? नाही. तसं असतं तर आपल्या घरात कुणीच मोठं झालं नसतं. प्रश्न मापाचा आहे. हाडाचंच बघा. हाडावर रोज वजन पडलं तर ते घट्ट होतं. अंतराळात महिनोन्‌महिने राहून आलेल्यांची हाडं विरळ झालेली आढळतात, कारण तिथे अंगावर स्वतःचंसुद्धा वजन पडत नाही. पण त्याच हाडावर विश्रांती न देता सारखा ताण दिला तर बारीक तडा जातो, नव्याने भरती झालेल्या सैनिकांमध्ये हे डॉक्टरांना नेहमी दिसतं. वजन तेच, मधली विश्रांती गेली की निकाल उलटा.

आपल्या खाडीतलं तिवराचं झाडही तसंच. दिवसातून दोनदा भरतीचं खारं पाणी मुळांवर घेतं, जास्तीचं मीठ पानांवाटे बाहेर टाकतं. पान चाटून बघा, खारट लागेल. लोक म्हणतात, बघा, खाऱ्या पाण्यातही कसं जोमाने वाढतं. वाढतं खरं, पण जिथे नदीचं गोडं पाणी मिसळतं तिथे उंच होतं. जिथे मीठ साचून राहतं, गोडं पाणी पोचत नाही, तिथे तेच तिवर खुरटं राहतं, कमरेएवढं. झाड तेच असतं.

माणसांमध्ये या गोष्टीचं मोठं उदाहरण म्हणून मला नेहमी महर्षी कर्वे आठवतात. १८७५ साली, सतरा वर्षांचे असताना, ते परीक्षेसाठी मुरुडहून निघाले. पावसाळी हवेमुळे बोट मिळेना, म्हणून सोबत्यांबरोबर सह्याद्री ओलांडून पायी साताऱ्याला पोचले. तिथे परीक्षकांनी त्यांची लहानखुरी चण बघून, हा मुलगा सतराचा वाटत नाही, असं म्हणून परीक्षेला बसूच दिलं नाही. एवढं चालून परत! पुढे ती परीक्षा ते कोल्हापूरला पास झाले. १८९३ साली त्यांनी गोदूबाई या विधवेशी पुनर्विवाह केला, तेव्हा त्यांच्याच मुरुड गावाने बहिष्कार घातला. त्यानंतर १८९६ चा आश्रम, १९०० साली हिंगणे, १९१६ चं महिला विद्यापीठ, आणि १९५८ साली, वयाच्या शंभराव्या वर्षी, भारतरत्न. हे सगळं शाळेच्या पुस्तकात असतं.

पुस्तकात ठळक नसतं ते असं. साताऱ्याच्या नकारामुळे त्यांचं एक वर्ष गेलं, आयुष्य गेलं नाही. परीक्षा पुन्हा देता येत होती. मुरुडला सोमण गुरुजींसारखा शिक्षक पाठीशी होता. बहिष्कार पडला तेव्हा कर्वे १८९१ पासून फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवत होते, म्हणजे महिन्याचा पगार सुरू होता. गोदूबाईंचे बंधू नरहरपंत जोशी हे त्यांचे जुने जिवलग मित्र होते. घाव मोठाच होता, पण तो झेलायला खाली काहीतरी होतं. हे सांगितल्याने अण्णांचं मोठेपण तसूभर कमी होत नाही. त्यांनी स्वतःच्या पगारातून आणि देणग्यांतून पुढे काय केलं? ज्या बायकांखाली झेलायला काहीच नव्हतं, त्यांच्यासाठी आश्रम बांधला. दुःखाने तुम्ही कणखर व्हाल, असं त्यांना समजावत बसले नाहीत.

याच्या उलटं चित्र मी तरुणपणी काउंटरमागून पाहिलं. नोकरीला लागून थोडेच दिवस झाले होते, गिरणगावात शाखा होती. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार. पहिले दोन-तीन महिने लोक हसतखेळत यायचे. मग आवर्ती ठेवी मोडायला यायला लागले. पाच वर्षांची ठेव, चौथ्या वर्षी मोडताना व्याज कमी मिळतं हे मी फॉर्म भरताना सांगायचो, आणि समोरचा माणूस मान हलवून सही करायचा. नंतर मंगळसूत्रं आली. नंतर माणसंच येईनाशी झाली. त्या संपाचा शेवट कुणी नीटसा जाहीरसुद्धा केला नाही.

त्यातलेही काही उभे राहिले. कोण राहिले? ज्यांची गावाला दोन बिघे जमीन होती. ज्यांचा भाऊ सरकारी नोकरीत होता. ज्यांच्या घरची बाई खानावळ चालवत होती. आणि इथे एक नाव मुद्दाम सांगायला हवं, प्रेमा पुरव यांचं. गोवा मुक्तिलढ्यात भाग घेतलेल्या या बाईंनी १९७५ साली, म्हणजे संपाच्या सात वर्षं आधी, गिरणगावातल्या खानावळवाल्या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं. सावकाराच्या व्याजात अडकलेल्या बायकांना राष्ट्रीयीकृत बँकेचं कर्ज मिळवून दिलं. पुढे नवऱ्याची गिरणी बंद पडली तेव्हा ज्या घरात अशी चूल पेटती होती, त्या घरातली मुलं शाळेत टिकण्याची आशा तरी होती. एकाच तारखेला, एकाच गल्लीत, एकच घाव पडला होता. धैर्य या चाळीत जास्त आणि त्या चाळीत कमी असं वाटलेलं नव्हतं. फरक खाली काय होतं याचा होता.

बँकेच्या भाषेत याला राखीव निधी म्हणतात. १९४९ च्या बँकिंग नियमन कायद्याचं कलम १७ सांगतं की बँकेने दर वर्षीच्या नफ्यातले किमान २० टक्के राखीव निधीत टाकलेच पाहिजेत. नफा झालेल्या वर्षी ते टाकायचे. तोटा आला की मग टाकू, असं चालत नाही. नोकरीत असताना हे कलम मी परीक्षेपुरतं पाठ केलं होतं. आता वाटतं, नामस्मरणाबद्दल आपले संत जे सांगत आले त्याच्याशी हे किती जुळतं. सुखात घेतलेलं नाव दुःखात कामाला येतं. पिंगलेला एका रात्रीत जे साधलं, त्याच्यामागे कुठल्या जन्मीचा राखीव निधी होता कोण जाणे. तीही हेच म्हणते की माझं पूर्वीचं काही पुण्य असावं.

आणि आता बँकांच्याच बुडण्याबद्दल. १९६० साली केरळातली पलाई सेंट्रल बँक आणि आपल्या अकोल्याची लक्ष्मी बँक बुडाली. हजारो घरं हवालदिल झाली. त्यातून सरकारने धडा घेतला आणि १ जानेवारी १९६२ पासून ठेव विमा आला, दर ठेवीदाराला १५०० रुपयांपर्यंत. १९९३ साली ही मर्यादा एक लाख झाली. मग २३ सप्टेंबर २०१९ उजाडला. पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले. सहा महिन्यांत खात्यातून फक्त १००० रुपये काढता येतील, अशी नोटीस शाखांच्या दारांवर लागली. एकाच बांधकाम समूहाला दिलेलं अवाढव्य कर्ज लपवलं होतं, असं तपासात पुढे आलं. ठाणे-मुंबईतली म्हातारी माणसं औषधाच्या चिठ्ठ्या हातात घेऊन उभी असलेली आपण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिली. त्या काळात काही ठेवीदार दगावल्याच्या बातम्याही आल्या.

पुढे काय झालं? ४ फेब्रुवारी २०२० पासून विम्याची मर्यादा पाच लाख झाली. त्याच वर्षी सहकारी बँकांवर रिझर्व्ह बँकेला जास्त अधिकार मिळाले. १ सप्टेंबर २०२१ पासून, बँकेवर निर्बंध आले तरी विम्याचे पैसे ९० दिवसांत द्यायचे, असा कायदा लागू झाला. व्यवस्था खरोखरच घाव खाऊन मजबूत झाली. माझीतुमची एफडी आज २०१९ पेक्षा सुरक्षित आहे. पण ती ज्यांच्यामुळे सुरक्षित झाली त्यांचं काय? जानेवारी २०२२ मध्ये ती बँक दुसऱ्या बँकेत विलीन झाली आणि पाच लाखांवरची रक्कम टप्प्याटप्प्याने, दहा वर्षांपर्यंत, मिळेल असं ठरलं. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या ठेवीदाराने ती दहा वर्षं कुठून आणायची?

मला कपोत दिसतो तो इथे. आपण अवधूतासारखे झाडाखाली उभे होतो. शहाणपण आपल्याला मिळालं, आणि तेही फुकट. कॉमर्समध्ये शिकवलेली पहिली गोष्ट म्हणजे नावे टाकल्याशिवाय जमा होत नाही. मग आपल्या जमेसमोर कुणाच्या तरी नावे काहीतरी पडलं आहे, आणि ते देणं आहे. अवधूतांनी निदान कपोताला गुरू म्हटलं, चोवीसांत बसवलं. आपण त्याला म्हणतो, "धीर धर, यातून तू मजबूत होशील."

कुणी म्हणेल, मग काय सगळ्यांना कापसात गुंडाळून ठेवायचं? नातवंडांना सायकलवरून पडूच द्यायचं नाही? पडू द्या की. गुडघा फुटेल, भरेल. आपण बाजूला उभे आहोत, घरात हळद आहे, उद्या पुन्हा सायकल आहे. हल्ली आईवडील मुलाला दहावीत दोन टक्के कमी पडले तर शाळेत भांडायला जातात, ते मला अजिबात पसंत नाही. पण ज्याचा गुडघा फुटला त्याला "पड, घडशील" म्हणणं वेगळं आणि ज्याचं छप्पर उडालं त्याला म्हणणं वेगळं. हे वाक्य ज्याचं त्याने स्वतःपुरतं, आणि तेही बऱ्याच वर्षांनी, मागे वळून म्हणावं. कर्व्यांनी साताऱ्याची हकिकत लिहिली ती वयाची पन्नाशी ओलांडल्यावर.

त्या गृहस्थांकडे आता आम्ही दोघेतिघे गुरुवारी आरतीनंतर प्रसाद घेऊन जातो. हंड्याची गोष्ट कुणी काढत नाही. कांद्याचा भाव, मेट्रोचं काम, असं बोलणं होतं. सहकार खात्याकडे करायच्या अर्जाचे कागद मी लावून दिले आहेत. परवा त्यांनी विचारलं, "टाळ नवीन घेतले का हो मंदिराने? जुन्यांचा आवाज चांगला होता."

जाता जाता एक गोष्ट, कारण अंक पुन्हा वर्षाने निघेल. ठेव विमा बँकांना आहे, पतसंस्थांना नाही. एकाच बँकेच्या दोन शाखांत तुमच्या एकट्याच्या नावावर पैसे असले तरी दोन्ही मिळून, व्याज धरून, पाच लाखांपर्यंतच संरक्षण आहे. नामनिर्देशन केलेलं नसेल तर करून घ्या, आणि केलं असेल तर ती व्यक्ती हयात आहे ना ते एकदा बघा. दर गुरुवारी आरतीनंतर मी मंडपात डाव्या हाताच्या खांबाशी बसलेला असतो. पासबुक आणि एफडीच्या पावत्या घेऊन या. चष्मा विसरू नका.